बिल्डर संघटना सरकारदरबारी नेमकं करते काय? (सोलापूरच्या रेडी रेकनरवरून)

होटगीरोडकर
एप्रिल २०२५ मध्ये रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं त्या जमीन-घरांच्या किमतींचे, नवे दर आले. महापालिकांमध्ये राज्यात सगळ्यात जास्त वाढ कुणाला, तर सोलापूरला. १०.१७ टक्के. मुंबईला ३.३९ आणि पुण्याला ४.१६. त्याआधीची दोन वर्षं दर हलले नव्हते, तरी आपल्यालाच दहा का, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याहून जास्त छळणारा प्रश्न वेगळाच आहे. दर मार्चमध्ये पेपरात एक फोटो येतो. मध्ये मंत्री, दोन्ही बाजूंना बांधकाम व्यावसायिकांचे पदाधिकारी, सगळ्यांचा एकेक हात निवेदनाला लागलेला. मजकूर ठरलेला: दरवाढ करू नये, वाळू द्या, जीएसटी कमी करा. या कागदाचं पुढं होतं काय? कुणी वाचतं का? मी स्वतः जुळे सोलापुरात टू बीएचके बघतोय, बिल्डर लाईनशी काही संबंध नाही. पाकिटं कुठून कुठे जातात ते सांगत बसू नका, त्यातलं सगळ्यांनाच सगळं कळतं. कागदोपत्री रस्ता कसा असतो तो ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा.

कडकभाकरी
मालक, निवेदन कोण वाचत नाही. फोटो वाचतात.

नकाशावाला
कडकभाकरी, अर्धं बरोबर आहे. मी आर्किटेक्ट, काही वर्षं एका संघटनेच्या तांत्रिक कमिटीवर बसलोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी घोळ मिटवू. 'बिल्डर संघटना' म्हणून आपण जे म्हणतो त्या दोन वेगळ्या जाती आहेत. क्रेडाई ही फ्लॅट बांधून विकणाऱ्यांची, १९९९ पासूनची. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही कंत्राटदारांची, म्हणजे रस्ते, पूल, सरकारी इमारती बांधणाऱ्यांची, १९४१ ची. पहिल्याला एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण), मुद्रांक आणि रेराची (घर खरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) काळजी. दुसऱ्याला टेंडरच्या अटी, भाववाढीचं कलम आणि थकलेली बिलं. पेपरवाले दोघांनाही 'बांधकाम क्षेत्र' म्हणून एकाच बातमीत घालतात.

आता रेडी रेकनर. दर ठरतात नोंदणी महानिरीक्षकांच्या पुण्याच्या कार्यालयात, पण माल जिल्ह्यातून जातो. वर्षभरात नोंदवलेले खरेदी-विक्रीचे दस्त मूल्य विभागांप्रमाणे (एकेका दराचा एकेक भाग) लावले जातात, नगररचनेची मूल्यांकन शाखा त्यावरून प्रस्ताव करते, सह जिल्हा निबंधकांच्या पातळीवर चर्चा होते आणि १ एप्रिलला तक्ता लागू होतो. मार्चमध्ये मंत्र्यांना निवेदन देणं म्हणजे पंगत बसल्यावर आचाऱ्याला मेनू सांगणं. ज्यांना खरंच काही बदलून घ्यायचं असतं ते दिवाळीच्या आसपास कामाला लागतात.

आणि काय घेऊन जातात, तर तक्ता. 'दर फार आहेत हो साहेब' याला कचेरीत किंमत नाही. 'अमुक विभागात मुख्य रस्त्यालगतची आणि आतल्या बोळातली जमीन एकाच दरात धरली आहे, हे दोन्हीकडचे दस्त, हा नकाशा, विभाग तोडून दोन करा' याला आहे. विजापूर रोडला दर्शनी जागा आणि तिच्या मागे चार गल्ल्या आतली जागा यांत फरक किती, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तक्त्याला ते दाखवावं लागतं. अख्ख्या शहराची टक्केवारी कमी करून घेणं जवळजवळ अशक्य, विभागाची चूक दुरुस्त करून घेणं शक्य. संघटनेचं खरं काम इथं होतं आणि याचा फोटो कधीच येत नाही.

यातली गोम सांगतो. दस्तातली किंमत रेडी रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असली तर फरकावर आयकर लागतो, घेणाऱ्यालाही आणि बिल्डरलाही. त्यामुळे बाजार पडलेला असला तरी दस्त रेकनरच्या खाली फारसा कुणी करत नाही. मग पुढच्या वर्षी सरकार तेच दस्त काढतं आणि म्हणतं, बघा, आमचे दर बरोबर आहेत, कुणी खाली विकतच नाही! या चक्रातून बाहेर यायला संघटनेकडे दस्ताशिवायचा पुरावा लागतो. बँकांचे मूल्यांकन अहवाल, लिलावातल्या किमती, न विकल्या गेलेल्या फ्लॅटची यादी. ती यादी द्यायला सदस्यच तयार नसतात, कारण आपले किती फ्लॅट पडून आहेत हे शेजारच्या बिल्डरला कळतं.

सोलापूरला दहा का लागले याचं उत्तर माझ्याकडे मागू नका, प्रस्ताव मी पाहिलेला नाही.

होटगीरोडकर
धन्यवाद, हे कधीच कुठे वाचलं नव्हतं. म्हणजे माझ्या फ्लॅटला थेट दहा टक्के फटका?

नकाशावाला
नाही. मुद्रांक शुल्क करारनामा किंवा रेडी रेकनर यांतल्या जास्त रकमेवर. करार ३४ लाखांचा आणि रेकनरने किंमत २८ लाख निघत होती असं धरा. दहा टक्के वाढून ती ३० लाख ८० हजार झाली. तुम्ही आधीही ३४ वर भरणार होतात, आताही ३४ वरच. फटका बसतो तो जिथं रेकनर बाजाराच्या पुढं गेलाय तिथं. गावठाणातला जुना वाडा, आतले प्लॉट. आणि दुसरा फटका आडून येतो: बिल्डर महापालिकेला जो प्रीमियम (जादा बांधकामाच्या परवानगीचे पैसे) आणि विकास शुल्क भरतो ते रेकनरच्या जमीन दरावर बेतलेलं असतं. तो तुमच्याच दरात मिसळतो, वेगळा दिसत नाही.

नीलिमा_शेळगी
म्हणजे संघटना ग्राहकाचा कैवार घेऊन बोलते ते खरं निघालं की! 😀

कडकभाकरी
ताई, कोविडमध्ये बघितलं नाही का. सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक पाचाचं दोन टक्के केलं, जानेवारी ते मार्च तीन टक्के. माझ्या मेव्हण्याने त्यात फ्लॅट घेतला. मुद्रांकाचे वाचले तेवढेच बिल्डरने 'पार्किंग'मध्ये काढले.

नकाशावाला
तो काळ संघटनांच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. मागणी एका ओळीची होती, मुदतबंद होती आणि सरकारला सांगायला सोपी होती: दर कमी करा, दस्त वाढतील, तिजोरीत काही तरी येईल. त्या वेळी तिजोरीत काहीच येत नव्हतं. डिसेंबरअखेर निबंधक कार्यालयात रांगा लागल्या. पुढे दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकाम प्रीमियममध्ये निम्मी सवलत दिली, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत. अट अशी की सवलत घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरावं. अट का आली? 'बिल्डरांना खिरापत' अशी ओरड होणार हे दिसत होतं म्हणून. संघटनेची मागणी जशीच्या तशी कधीच मान्य होत नाही, तिला शेपूट लागून येते. मुरलेले लोक शेपूट कोणती परवडेल याचा विचार आधीच करून जातात.

चाटीगल्ली
मला दुसराच मुद्दा मांडायचाय. ही मुंबईत जाऊन भांडणारी राज्य पातळीवरची मंडळी कुणाची गाऱ्हाणी मांडतात? पुण्या-मुंबईची. उदाहरण घ्या. परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का, बाकी बांधकाम चालू असलेल्या घरांना ५, दोन्हींत इनपुट क्रेडिट (मालावर आधीच भरलेल्या कराची वजावट) नाही, १ एप्रिल २०१९ पासून. परवडणारं म्हणजे ४५ लाखांच्या आत, आणि आपल्यासारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत. वर्षानुवर्षं संघटनांची मागणी काय, तर ४५ लाखांची मर्यादा वाढवा. पुण्यात ४५ लाखांत काय येतं? काही नाही. पण सोलापुरात टू बीएचके आजही त्यात बसतो की ओ. आमच्या बिल्डरला त्या मागणीचा उपयोग किती?

तेच टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणि प्रीमियम एफएसआयचं. पुण्यात त्यावर मारामारी. इथं हद्दवाढ भागात जागाच जागा, जादा मजले चढवून विकायचे कुणाला? १९९२ ला हद्द वाढली, शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं, आणि पाईपलाईन, ड्रेनेज अजून मागून चालत येतंय. सोलापूरच्या बिल्डरला एफएसआयपेक्षा पाणी मिळालं तर तो जास्त मजले विकेल. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात दहाव्या मजल्याचं ब्रोशर कुणी छापावं? पाण्यासाठी संघटना किती वेळा महापालिकेच्या इंद्रभुवनात ठाण मांडून बसली?

नकाशावाला
चाटीगल्ली, हे मान्य. आमच्या बैठकीतही हाच वाद असायचा. राज्याच्या कार्यकारिणीत छोट्या शहराच्या माणसाला बोलायला मिळतं चहाच्या वेळेत.

पण एक जागा अशी होती जिथं छोट्या शहरांचा फायदा झाला. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला आपण सगळे यूडीसीपीआर म्हणतो, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर एकच पुस्तक. त्याआधी प्रत्येक महापालिकेचं वेगळं, आणि त्यात 'आयुक्तांच्या स्वेच्छाधिकारात' हे शब्द जागोजागी. बाल्कनी, जिना, पॅसेज एफएसआयमधून वगळायचे की नाही हे टेबलावर ठरायचं. आता सगळं एफएसआयमध्ये धरून वर पूरक क्षेत्र दिलं आहे, निवासीला ६० टक्के, व्यापारीला ८० टक्के, प्रीमियम भरून. आवडो न आवडो, गणित घरी बसून करता येतं.

हे कसं घडतं ते बघा. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ मध्ये नियम बदलायची पद्धत आहे. शासन बदल राजपत्रात प्रसिद्ध करतं, लोकांना एक महिना हरकती-सूचनांसाठी देतं, नेमलेला अधिकारी सुनावणी घेऊन अहवाल पाठवतो, मग अंतिम अधिसूचना. या एका महिन्यात संघटनेची तांत्रिक कमिटी रात्री बसते. कागदाचे तीन रकाने: मसुद्यातलं कलम, आम्ही सुचवतो तो मजकूर, कारण. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अवर सचिवाला तुमचं दुःख नको असतं, त्याला फाईलवर चिकटवता येईल असं वाक्य हवं असतं. जो वाक्य लिहून देतो त्याचा नियम होतो.

त्याच महिन्यात बाकीच्या शहराकडून किती हरकती येतात? रहिवासी संघ, सोसायट्या, वकील, पत्रकार? मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

नीलिमा_शेळगी
हे वाचून जरा अस्वस्थ झाले. म्हणजे नियम बिल्डर लिहितात असंच ना?

नकाशावाला
लिहून देतात. घ्यायचं की नाही हे शासन ठरवतं, आणि बरंच घेत नाही. पण समोर दुसरा कागदच नसेल तर?

पूर्वभाग
तुम्ही सगळे सूटबूटवाल्यांचंच बोलताय. सोलापुरात घरांसाठी सरकारला झुकवणारी सगळ्यात मोठी संघटना बिल्डरांची नाही, विडी कामगार बायकांची आहे. माझी आई विड्या वळायची, म्हणून सांगतोय. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, २००६ मध्ये मनमोहन सिंग आले होते. नंतर रे नगर, तीस हजार घरांचं. जानेवारी २०१९ मध्ये भूमिपूजन मोदींच्या हस्ते, १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या चाव्या, पुन्हा मोदी. त्यांचे नेते आडम मास्तर (नरसय्या आडम) लाल बावट्याचे, समोर भाजपचा पंतप्रधान, आणि व्यासपीठ एकच. लॉबिंग म्हणजे काय ते यांच्याकडून शिका बे.

लोकांना वाटतं मोर्चा काढला आणि घर मिळालं. मोर्चे होतेच, कलेक्टर कचेरीसमोर आमचं लहानपण गेलं. पण मागे फाईल पण होती. जमीन, प्रकल्प अहवाल, बायकांचा स्वतःचा हिस्सा, बँकेचं कर्ज, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा. एकेका सहीसाठी मुंबई-दिल्ली. नकाशावाला म्हणतात तो मधला रकाना यांनीही भरला, फक्त भरायला जाताना मागे हजारो बायका उभ्या होत्या.

चाटीगल्ली
पूर्वभाग +१. आणि कॉंक्रीटचं काम शेवटी कंत्राटदारांनाच मिळालं, तेव्हा ही दोन टोकं वाटतात तेवढी लांब नाहीत.

गिलावा
मी कंत्राटदार. सरकारी कामं करतो, करत होतो म्हणा. बिल्डर लोकांचं भाग्य की त्यांचं गिऱ्हाईक तुमच्यासारखं पगारदार असतं. आमचं गिऱ्हाईक सरकार आणि ज्याच्याकडे दाद मागायची तेही सरकार. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी थकबाकीचा आकडा सांगितला ८९ हजार कोटी. कामबंद केलं, धरणे धरले. मग काय होतं, तर मार्चअखेर मंजूर निधीतून थोडे थोडे वाटतात. दहा टक्के मिळाले की संघटनेतले निम्मे गप्प होतात, कारण पुढच्या टेंडरला तोच कार्यकारी अभियंता असतो. हे कुठल्याही निवेदनात लिहिलेलं सापडणार नाही.

सरकारी कामांचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ चा १८ झाला. जी कामं १२ धरून घेतली त्यांचा फरक कुणी द्यायचा यावर पत्रं लिहिता लिहिता आमच्या जिल्ह्यातल्या दोघांनी लायसन्स गुंडाळून ठेवलं.

पण आमच्या बीएआयचं (बिल्डर्स असोसिएशनचं) एक काम मी अभिमानाने सांगतो. सिमेंट कंपन्या संगनमताने भाव ठेवतात म्हणून २०१० मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मंत्र्याकडे नाही, आयोगाकडे. जून २०१२ मध्ये आयोगाने कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड ठोकला. २०१५ ला अपिलात तो आदेश रद्द, २०१६ ला आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन पुन्हा ठोकला, २०१८ ला अपिलीय न्यायाधिकरणाने कायम केला, मग गाडी सुप्रीम कोर्टात. पोत्याचा भाव मात्र आजही डीलरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येतो तोच.

कडकभाकरी
पण सिमेंटचा कर उतरला की. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८.

गिलावा
उतरला, आणि ती मागणी जीएसटी आल्यापासूनची. सगळ्या संघटना, सगळे अर्थसंकल्प, तोच परिच्छेद. 'चैनीच्या वस्तूंचा कर सिमेंटला का' हे वाक्य मला पाठ झालं होतं. मूळ भाव ३०० धरला तर पोतं ३८४ चं ३५४ व्हायला पाहिजे. फ्लॅटवाल्या बिल्डरला क्रेडिट नसल्याने हे ३० रुपये सरळ खर्चात वाचतात. होटगीरोडकर, तुमच्या बिल्डरला विचारून बघा दर किती उतरवला, आणि काय म्हणतो ते इथं टाका, करमणूक होईल.

सोरेगावचा
वाळूचं कुणीच बोललं नाही. २०२३ ला धोरण आलं सहाशे रुपये ब्रास, डेपोतून. भीमा-सीनेच्या काठच्या जिल्ह्यात राहून सहाशेची वाळू मी बघितली नाही. एप्रिल २०२५ ला ते डेपोचं धोरण गुंडाळून पुन्हा लिलाव. आता कृत्रिम वाळू वापरा म्हणतात.

नकाशावाला
वाळूवर संघटना उघड बोलायला कचरते. बोललं की पुढचा प्रश्न 'मग आत्ता तुमच्या साईटवर आहे ती कुठली?'

गुंठामालक
मी हद्दवाढ भागात राहतो, गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जागेत. दोन गुंठे, स्वतः बांधलेलं घर. तुमच्या या सुशिक्षित संघटना दरवेळी निवेदनात काय लिहितात? 'अनधिकृत बांधकामांवर कारवाई करा, नियमाने चालणाऱ्यांवर अन्याय होतो.' नियमाने चालणाऱ्यांचा फ्लॅट आम्हाला परवडला असता तर नोटरीवर जागा कशाला घेतली असती? गुंठेवारी कायदा २००१ चा. नियमितीकरणाची तारीख आधी १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० वर आणली. ही तारीख काय आपोआप सरकली? आमच्याही मागे माणसं आहेत, फक्त आमच्याकडे लेटरहेड नाही. आमचं लेटरहेड म्हणजे मतदार यादी.

नकाशावाला
तुमचं दुखणं खरं आहे, पण बिल्डरचंही ऐका. प्रकल्प ठरावीक मर्यादेच्या वर गेला की रेरा, ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात, कामगार उपकर १ टक्का, प्रीमियम, अग्निशमन, होटगी रोड भागात विमानतळामुळे उंचीचं ना-हरकत. शेजारी गुंठे पाडून विकणाऱ्याला यातलं काहीच नाही.

गुंठामालक
त्या विकणाऱ्याला धरा की मग. तुमचं निवेदन घर बांधणाऱ्यावर येतं, प्लॉट पाडणाऱ्यावर नाही. का येत नाही तेही गावाला माहीत आहे.

(संपादक: इथून पुढच्या तीन प्रतिक्रिया वैयक्तिक झाल्याने काढल्या आहेत. कुणा व्यावसायिकाचं नाव घेऊन आरोप करू नयेत.)

होटगीरोडकर
विषयावर येऊ. फ्लॅट घेणाऱ्याची अशी संघटना आहे का, जी याच टेबलावर बसते?

नीलिमा_शेळगी
मी शोधलं थोडं. मुंबई ग्राहक पंचायत बसते. महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) तक्रारीआधी तडजोडीसाठी जो सलोखा मंच केला, त्यात एक ग्राहक प्रतिनिधी आणि एक विकसकांच्या संघटनेचा प्रतिनिधी, असे दोघं मिळून ऐकतात. तेवढं चांगलं वाटलं.

पण दुसरीकडे २०१९ मध्ये महारेराने नव्या प्रकल्पाच्या नोंदणीसाठी मान्यताप्राप्त विकसक संघटनेचं सदस्यत्व सक्तीचं केलं. म्हणजे संघटना आता नुसती मागण्या करणारी राहिली नाही, दारावरची चौकीदारही झाली. सदस्यावर कारवाई करायचा अधिकार तिच्याकडे, आणि वर्गणी त्याच सदस्याची.

नकाशावाला
यावर आमच्यातही दोन तट होते. मला स्वतःला ते पटलेलं नाही. सदस्याला काढून टाकलेलं मी तरी पाहिलं नाही.

सोरेगावचा
होटगीरोडकर, एकट्या माणसाला काही करता येतं का ते विचारा ना यांना. मला आमच्या विभागाचं करायचंय. रस्त्यावरचा दर आणि आतला दर एकच धरलाय.

नकाशावाला
येतं. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा उतारा, तक्त्यातल्या तुमच्या विभागाचा क्रमांक, गुगलचा नाही तर विकास योजनेचा नकाशा, आणि त्या भागातले आतले-बाहेरचे मिळून पाच-सहा नोंदणीकृत दस्त. दस्तांची 'सूची दोन' (इंडेक्स टू, दस्ताचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. अर्ज सह जिल्हा निबंधकांना, प्रत नगररचनेच्या मूल्यांकन शाखेला. अर्जात भावना नको. 'विभागाचं विभाजन करावं' एवढी एकच मागणी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

सोरेगावचा
कधी द्यायचा?

नकाशावाला
दिवाळीआधी. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नकाशावर विभागाची रेघ मी मारून देतो. सूची दोनचे उतारे मात्र तुम्ही काढा.

गिलावा
फुकट?

नकाशावाला
हुरड्याला बोलवा म्हणजे झालं.